जड क्लच: प्लेट बदलण्याआधी वजनकाटा आणा

भोसरीहून आनंदनगरला घरी येईपर्यंत मी क्लच किती वेळा दाबते, हे गेल्या जुलैत एकदा मोजलं. नाशिक फाट्यापर्यंतच साठ झाले, दापोडीला नाद सोडला. त्या रात्री जिना चढताना डावा गुडघा बोलायला लागला. गाडी २००५ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो. कंपनीतून येताना १५० पीएस आणि २१० न्यूटनमीटर टॉर्क. दादाने जर्मनीला जायच्या आधी तिला रीमॅप करून घेतलं (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवली), जुना क्लच घसरायला लागला म्हणून ‘स्टेज ३’चा क्लच बसवला आणि किल्ली माझ्या हातात दिली. वर म्हणाला, "पॉवर हवी तर पाय हवा."

हे वाक्य मॉडिफाय केलेल्या गाड्यांच्या प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. माझ्या गाडीत जडपणाचा मोठा वाटा पॉवरचा नव्हता. कोरड्या लोखंडाचा होता, आणि गरज नसताना बसवलेल्या स्प्रिंगचा. मी जिग-फिक्श्चर डिझाइन करते, त्यामुळे "जड आहे" एवढ्यावर माझं भागत नाही. किती जड आणि कुठे जड, ते कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

आधी मोजा

बाथरूममधला सुईचा वजनकाटा घ्या. डिजिटल नको, तो आकडा गोठवून बसतो. साधारण वीस सेंटिमीटर लांबीचा लाकडी ठोकळा घ्या, क्लच पेडलएवढाच रुंद. ठोकळ्यामुळे काटा शेजारच्या ब्रेकला अडत नाही. सीट पूर्ण मागे, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. काटा उभा धरला की सुई शून्यावरून सरकते, ती चाक फिरवून परत शून्यावर आणा. आता पेडलवर ठोकळा, ठोकळ्यावर काटा, काट्यावर पाय. आकडा वाचायला शेजारी कुणीतरी लागतंच. माझ्याकडे आई होती. "हे काय नवीन?" असं विचारून झाल्यावर तिने सगळे आकडे व्यवस्थित लिहून घेतले.

दोन आकडे घ्यायचे. पेडल हळू दाबत अर्ध्यावर आल्यावरचा एक, आणि पूर्ण दाबून परत सोडत येताना त्याच जागेवरचा दुसरा. सगळी गंमत या दुसऱ्या आकड्यात आहे.

माझा दाबतानाचा आकडा २४ किलो होता, सोडतानाचा १०. घर्षण दाबताना तुमच्या विरुद्ध असतं आणि सोडताना स्प्रिंगच्या विरुद्ध. म्हणून दोन्हींची सरासरी, म्हणजे १७ किलो, ही ढोबळमानाने स्प्रिंगची. आणि फरकाचा अर्धा, म्हणजे ७ किलो, घर्षणाचा. हा फरक कधीच शून्य होत नाही, कारण क्लच दाबून धरणाऱ्या डायफ्राम स्प्रिंगलाही स्वतःचं थोडं घर्षण असतं, आणि पेडलचा जोर तेलामार्फत क्लचपर्यंत नेणाऱ्या मास्टर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडरच्या सीललाही. पण चोवीसातले सात म्हणजे कुठेतरी काहीतरी घासतंय. रोजच्या वापरातल्या साध्या गाडीचं पेडल दहा-बारा किलोंच्या आसपास असतं, हे मनात ठेवून स्वतःचे आकडे बघा.

तिसरी तपासणी फुकटची आहे. पेडल एकदा अगदी सावकाश दाबा, एकदा झटक्यात. सावकाश हलकं आणि झटक्यात जड लागलं तर दोष तेलाच्या वाटेत आहे: आतून सुजलेला रबरी होज, चेपलेला पाइप किंवा गाळ झालेलं ब्रेक ऑइल. दोन्ही वेळा सारखंच जड लागलं तर तेल सोडा, लोखंडाकडे वळा.

इथेच एक गैरसमज काढून टाकते. क्लच जड म्हटलं की पहिल्याच गॅरेजात "एअर काढू या" म्हणतात. हवा शिरली की पेडल मऊ, पोकळ होतं आणि गिअर पडत नाहीत. हवेने पेडल जड होत नाही. तेल काळं पडलं असेल तर जरूर बदला, ऑक्टाव्हियात क्लच आणि ब्रेकचं तेल एकाच डबीतून जातं. पण त्याने माझ्यासारखे सात किलो उतरतील ही आशा नको.

घर्षण कुठे शोधायचं

वरून खाली या. पेडलच्या पिनचा बुश कोरडा असेल तर पावसाळ्यात कुरकुर ऐकू येते. त्याच पेडलला एक जाडजूड मदतीची स्प्रिंग असते. अर्ध्या प्रवासानंतर ती पायाला पुढे ढकलते. ती तुटलेली किंवा जागेवरून निसटलेली असेल तर पेडल एकदम जड होतं आणि गॅरेजात कुणी वाकून बघतही नाही. माझी निसटलेलीच होती. टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घाला, पाच मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या कुणाला पेडल दाबायला सांगून फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडेही बघा. मास्टर सिलिंडरसकट पत्रा हलताना दिसला तर तुमचा काही जोर पत्रा वाकवण्यातच जातोय, आणि एक दिवस तो पत्रा चिरेल.

खाली गिअरबॉक्सच्या तोंडाशी फोर्क असतो. तो एका गोळीवर डुलतो आणि क्लचची स्प्रिंग दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगला एका नळीवरून पुढे ढकलतो. गोळीवरची प्लास्टिकची टोपी झिजली, किंवा नळीवर गंज आणि क्लचची भुकटी मिळून लेप बसला, की बेअरिंग सरकण्याऐवजी तिरकं होऊन अडतं. पेडल जड तर होतंच, शिवाय सोडताना आळशासारखं वर येतं. माझा सोडतानाचा आकडा दहावर आला होता तो यामुळे. क्लच बसवणाऱ्या गॅरेजने प्लेट आणि तिला स्प्रिंगने दाबून धरणारी प्रेशर प्लेट नवी घातली होती, पण बेअरिंग, नळी आणि गोळी जुनीच ठेवली होती.

त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक आणि विटांवर करू नका. गाडीखाली गेलात की विटेवर विसंबणं जिवावर बेतू शकतं. मी नाना पेठेतून सुटे भाग घेतले आणि काम एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे दिलं. काकांना फक्त एवढं सांगितलं की ग्रीस बोटाने लावू नका. ते म्हणाले, "ताई, तीस वर्षं बोटानेच लावतोय." मग त्यांनी ब्रशने लावलं.

कारण ग्रीस कमी पडलं तर पेडल जड, आणि जास्त झालं तर ते उडून क्लच प्लेटवर जातं आणि नवी प्लेट घसरते. लोखंडी नळी स्वच्छ घासून जास्त तापमानाचं मोलिब्डेनमवालं ग्रीस, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढाच थर. फोर्कच्या गोळीवर आणि बेअरिंग टेकतं त्या दोन जागांवर तेच. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या खाचांवर लावून जादाचं फडक्याने पुसून टाका. मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरच्या रबराला मात्र हे ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं.

जोडून झाल्यावर परत मोजलं. दाबताना साडेएकोणीस, सोडताना चौदा. सरासरी तीच, सतराच्या आसपास. म्हणजे घर्षण गेलं, स्प्रिंग तेवढीच राहिली. मोजणी खरी निघाल्याचा आनंद मला गाडी हलकी झाल्यापेक्षा जास्त झाला, हे घरी कुणाला सांगितलं नाही.

मग स्प्रिंग

‘स्टेज १’, ‘स्टेज ३’ या नावांमागे कुठलंही सर्वमान्य माप नाही. प्रत्येक बनवणारा आपापला आकडा लावतो. बघायचं ते एकच: हा क्लच किती टॉर्क पेलतो आणि माझ्या इंजिनाचा किती आहे.

हिशेब सोपा आहे. प्रेशर प्लेटचा दाब, गुणिले घर्षणांक, गुणिले प्लेटची सरासरी त्रिज्या, गुणिले दोन, कारण प्लेटला दोन बाजू असतात. साडेनऊ सेंटिमीटर सरासरी त्रिज्या, साध्या ऑरगॅनिक प्लेटचा घर्षणांक ०.३ आणि दाब ५,००० न्यूटन धरला तर उत्तर येतं २८५ न्यूटनमीटर. दाब ९,००० केला तर ५१३. माझ्या रीमॅपच्या कागदावर २९० लिहिलंय. म्हणजे दादाने पाचशेचा क्लच दोनशे नव्वदच्या इंजिनाला बसवला होता आणि उरलेल्या दोनशेंचं भाडं माझा गुडघा भरत होता.

थोडी शिल्लक हवीच, वीस-पंचवीस टक्के. ती तीन वाटांनी मिळते. एक, दाब वाढवा; पेडल जड होणार. दोन, घर्षणांक जास्त असलेली प्लेट घाला. चार-सहा तुकड्यांची सिरॅमिक प्लेट त्याच दाबात बरंच जास्त पेलते, पण ती हळूहळू पकडत नाही, एकदम पकडते. नवले पुलाच्या अलीकडे रांगेत सरकताना गाडी अशी हिसके देते की मागचा पीएमपीवाला हॉर्न वाजवायच्या ऐवजी बघत बसतो. तीन, ट्विन प्लेट: दोनच्या जागी चार बाजू, त्यामुळे निम्म्या दाबात तेवढंच काम. पेडल छान हलकं होतं, खिसाही. चारशे न्यूटनमीटरच्या खाली मला ती चैन वाटते.

मी पहिलीच वाट घेतली, पण मधल्या दाबाची: ऑरगॅनिक प्लेट, आणि ६,५०० न्यूटनच्या आसपासची प्रेशर प्लेट. त्याच सूत्रात ३७०. त्यासाठी गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवावा लागला. आधी आठ महिन्यांचा क्लच फेकायला जीव होत नव्हता, म्हणून नुसतं ग्रीस केलं आणि मजुरी दोनदा भरली. तुम्ही हा हिशेब गिअरबॉक्स उतरवण्याआधीच कागदावर करा.

क्लच जुना असेल तर एक गोष्ट आधी तपासा. साधी प्लेट झिजत जाते तसा डायफ्रामचा कोन बदलतो आणि पेडल हळूहळू जड होत जातं. जड झालाय आणि चढावर घसरतोय, असं दोन्ही असेल तर तो संपलाय. नवा, योग्य क्लच हेच त्याचं औषध.

मास्टर सिलिंडर लहान करण्याचा मोह

हा उपाय तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. १९.०५ मिलिमीटरचा मास्टर काढून १५.८७चा बसवला की पायाचा जोर एकतीस टक्क्यांनी उतरतो. गणित बरोबर आहे. पण स्लेव्हची हालचालही तेवढ्याच टक्क्यांनी उतरते. मग पेडल जमिनीला टेकलं तरी प्लेट पूर्ण सुटत नाही, गिअर खरखरतात आणि सिंक्रो, म्हणजे गिअरांचा वेग जुळवणाऱ्या कड्या, झिजतात. बदललाच तर ही चाचणी घ्या: इंजिन सुरू, क्लच पूर्ण दाबून चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. खर्रकन आवाज आला तर क्लच सुटत नाहीये. पेडलला नवीन भोक पाडून तरफ लांब करणं हीही तीच सौदेबाजी आहे.

मास्टर कुठलाही असो, पुशरॉडला किंचित ढील हवी. ती नसेल तर तेल डबीत परतत नाही, गरम होऊन फुगतं आणि क्लच अर्धवट दाबलेला राहतो. दिवे घाटात घसरतो आणि सासवडला थंड झाल्यावर ठीक चालतो, अशी तक्रार असेल तर आधी ही ढील बघा. मदतीची स्प्रिंग गरजेपेक्षा कडक बसवली आणि पेडल पूर्ण वर आलं नाही, तरी हेच होतं.

केबलवाल्यांसाठी

एस्टीम, झेन असल्या गाड्यांत तेलाची भानगड नाही. नवी केबल घाला, निम्मं काम तिथेच होतं. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलमध्ये ऑइल ओतू नका, धूळ धरते. केबलला तीव्र वळण देऊ नका. नवा एक्झॉस्ट हेडर बसवला असेल तर तो केबलच्या किती जवळून जातो ते बघा, अस्तर वितळतं. आणि केबल वारंवार जात असेल तर इंजिनाची अर्थिंगची पट्टी तपासा. ती तुटली की स्टार्टरचा करंट क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल आतून जळते. माझ्या मामेभावाने वर्षात तीन केबल बदलल्या. दोष शेवटी त्या पट्टीत निघाला.

पाय

पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, नाहीतर सीट पुढे घ्या. सिग्नलला न्यूट्रल करा. क्लच दाबून उभं राहिलात की रिलीज बेअरिंग तर झिजतंच, कडक प्रेशर प्लेटचा दाब क्रँकशाफ्टला पुढे ढकलत राहतो आणि इंजिनातलं थ्रस्ट बेअरिंग खातो. ते बदलायला इंजिन उघडावं लागतं. गुडघा सुजला असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग मिस्त्री.

आता दाबताना १४, सोडताना १०. नव्या ऑरगॅनिक प्लेटला पहिले आठशे किलोमीटर जोर लावायचा नसतो. शहरात सारखं थांबत-निघत, हलक्या पायाने चालवलं की ती सगळीकडून सारखी बसते. हायवेला पाचव्या गिअरमध्ये ते काम होत नाही. त्यासाठी संध्याकाळी सातचा सिंहगड रोड पुरेसा आहे.