हेवीवेट बॉक्सरला मार झेपतो का हे ठरवताना या चुका टाळा

2 जून 2019 ची सकाळ, आम्ही चौघं चहाच्या टपरीवर एकाच मोबाईलात डोकं घालून हेवीवेट चॅम्पियन अँथनी जोशुआ आन् अँडी रुईझ यांची बॉक्सिंग फाईट बघायलो होतो. जोशुआ म्हणजे दगडात कोरलेला, आन् रुईझ पोट सुटलेला, 120 किलोच्या वर. टपरीवाले काका म्हणले, ह्याला तर फुंकर मारली तरी पडतंय. तिसऱ्या राऊंडला रुईझ पडला पण, आम्ही चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला, तेवढ्यात गडी उठला, त्याच राऊंडात जोशुआला दोनदा खाली बसवलं, सातव्यात परत दोनदा, मॅच खल्लास.

तर पहिली चूक हीच, शरीर बघून हनुवटी ठरवणं. (बॉक्सिंगमध्ये हनुवटी म्हणजे डोक्यावरचा मार झेपायची ताकद.) ठोसा जबड्यावर आडवा बसला की डोकं झटक्यात फिरतं, आतला मेंदू त्या फिरण्यानं हलतो आन् दिवे जातात. तिथं छाती, दंड, पोटावरचे पॅक काही कामाला येत नाहीत. मान मजबूत असली तर डोकं कमी फिरतं हे खरं, पण ती वेळेवर ताठ करायची तर ठोसा येतोय हे आधी दिसलं पाहिजे.

आमच्या गावाकडच्या बॉक्सिंग हॉलमध्ये कुस्तीतून आलेला एक पोरगा होता, 95 किलो, मान एकदम देवणी वळूसारखी. सगळे म्हणायचे ह्याला कोण पाडणार. पहिल्याच आठवड्यात 80 किलोच्या पोरानं हुक, म्हणजे हात वाकवून बाजूनं फिरवलेला ठोसा, दिला आन् हे महाराज एक गुडघा टेकून बसले, डोळे उघडे पण बघायलेत भलतीकडंच. कारण साधं होतं, हनुवटी वर, तोंड उघडं, आन् ठोसा बाजूनं आलेला त्यानं बघितलाच नव्हता. त्यामुळं कोण कशानं पडला हे बघताना रिप्ले लावा आन् ठोशाकडं नाही, मार खाणाऱ्याच्या डोळ्याकडं बघा, त्याला ठोसा दिसला होता का?

दुसरं म्हणजे रेकॉर्डवरून ठरवणं, हे तर लई लोक करतात. हरलेल्या आकड्याकडं बघायचं आन् ग्लास जॉ, म्हणजे काचेचा जबडा, म्हणून शिक्का मारायचा. युक्रेनचा हेवीवेट व्लादिमिर क्लिचको बघा. 2003 ला कोरी सँडर्सनं दुसऱ्या राऊंडात झोपवला, 2004 ला लॅमन ब्रूस्टरनं पाचव्यात थांबवला, 2005 ला सॅम्युएल पीटरनं तीनदा पाडला, पण ती फाईट क्लिचकोनं पॉइंटवर जिंकली आन् पुढं 2006 पासून 2015 पर्यंत चॅम्पियन राहिला. हनुवटी काही बदलली नव्हती. कोच इमॅन्युएल स्टीवर्डच्या हाताखाली लांबून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारायचा, जवळ आला की मिठी मारायची, म्हणजे हनुवटीपर्यंत काही पोचूच द्यायचं नाही. त्यामुळं वर्षानुवर्षं न पडलेला माणूस दिसला की आधी हे विचारा की त्याला नीट लागलंय तरी का कधी.

आन् उलटं पण असतं. कॅनडाचा जॉर्ज चुवालो 93 फाईटी लढला, अलीशी दोनदा, फ्रेझरशी, फोरमनशी, आन् एकदाही खाली पडला नाही. तरी फ्रेझर आन् फोरमन दोघांच्याही वेळी रेफरीला फाईट थांबवावी लागली. उभं राहणं आन् फाईटीत असणं वेगळं.

हेवीवेट चॅम्पियन लेनॉक्स लुईसचं तिसरंच. एप्रिल 2001 ला दक्षिण आफ्रिकेत उंचावरच्या हवेत, उशिरा पोचून, वजन वाढवून गेला, हासिम रहमाननं पाचव्या राऊंडात उताणा पाडला. सगळे म्हणले संपला. नोव्हेंबरमध्ये त्याच लुईसनं त्याच रहमानला चौथ्यात झोपवलं. दमलेल्या, तयारी न केलेल्या माणसाची हनुवटी त्याच्याच नेहमीच्या हनुवटीपेक्षा हलकी असते, एका रात्रीवरून निकाल देऊ नका. (पोटात लिव्हरवर बसून पडला तर तो हिशोबच वेगळा, त्याचा हनुवटीशी काही संबंध नाही.)

मग बघायचं काय? माळेगावच्या जत्रेत बैल घेणारा नुसता शिंगं बघून पैसे मोजत नाही, चालवून बघतो. इथं पण पायाकडं बघा. ठोसा बसल्यावर पाय सरळ राहिले का गुडघे लुळे झाले, उठल्यावर कोपऱ्याकडं तोंड केलं का समोरच्याकडं, पुढच्या वीस-तीस सेकंदात हात वर घेतले, मिठी मारली, का तिथंच उभा राहून अजून दोन खाल्ले. डिसेंबर 2018 ला जोरदार ठोशासाठी नावाजलेल्या डिऑन्टे वाईल्डरनं बाराव्या राऊंडात टायसन फ्युरीला पाडला तेव्हा तो मेलाय असंच वाटलं होतं. रेफरी दहापर्यंत मोजतो, फ्युरी नऊला उठला, आन् राऊंड संपता संपता वाईल्डरलाच मागं ढकलायला लागला. पडण्यापेक्षा ते नंतरचं दीड-दोन मिनिट मला जास्त सांगून जातं. आन् पाडणारा कोण हे पण बघा, वाईल्डरच्या हातानं पडणं आन् नवख्याच्या हातानं पडणं एका तराजूत घालू नका.

आता सगळ्यात वाईट चूक, ही कोच लोकांची. मार खाऊन खाऊन हनुवटी पक्की होते म्हणे. नाही होत भाऊ, झिजते. आमच्या त्याच पैलवानाला एका कोचनं दुसऱ्या दिवशी परत रिंगमध्ये उतरवलं, सवय पडू दे म्हणून. पोरगं रात्रभर डोकं धरून बसलं होतं, सकाळी उलटी झाली होती, पण लाजेनं बोललं नाही. डोकेदुखी, उलटी, एकच गोष्ट परत परत विचारणं, उजेड सहन न होणं, ह्यातलं एक जरी दिसलं तरी स्पारिंग (रिंगमधली सरावाची लढत) बंद, डॉक्टर आधी. पहिलं बरं व्हायच्या आत दुसरा ठोसा बसला तर जिवावर बेततं.

पोरगं नंतर दुसऱ्या हॉलमध्ये गेलं. तिथल्या सरांनी महिनाभर त्याला कुणाशी खेळवलंच नाही, नुसता टेनिस बॉल हनुवटी आन् छातीच्या मधी धरून शॅडो, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारायचा सराव, करायला लावली. पहिल्या दिवशी मी बघायला गेलो होतो, तीन मिनिटात बॉल अकरा वेळा पडला आन् दर वेळी हा 95 किलोचा गडी बाकड्याखाली रांगत जाऊन तो काढायला लागला.