मित्रांसोबत साधं खाणं : बाहेर कसं ठरवावं, घरी कसं मांडावं

“शनिवारी भेटायचं?” “हो!” “कुठे?” “कुठेही चालेल.” इथपर्यंत सगळे उत्साहात असतात. मग चाळीस मेसेज पडतात, दोन ठिकाणांवरून वाद होतो आणि शेवटी “पुढच्या आठवड्यात बघू” वर गाडी थांबते. असे बेत फसतात ते बहुतेक वेळा आधी ठरवायच्या चार गोष्टी ऐनवेळेवर ढकलल्यामुळे. पदार्थांचा त्यात फारसा दोष नसतो.

१. ठरवणारा एकच ठेवा

या वेळी एकाने, पुढच्या वेळी दुसऱ्याने. ठरवणाऱ्याने दिवस आणि वेळ सांगायची आणि ठिकाणाचे दोनच पर्याय द्यायचे. पाच पर्याय दिलेत की पुन्हा चाळीस मेसेज. उत्तराला मुदत घाला. जो गप्प राहील त्याची संमती धरा.

याच मेसेजमध्ये कोणाला काय चालत नाही तेही विचारून घ्या. “आवडत नाही” आणि “चालत नाही” यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वांगं न आवडणारा माणूस ते बाजूला काढून जेवतो, पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला दाणे वेचून काढून भागत नाही. तोच चमचा, तेच तळणीचं तेल त्याला त्रास व्हायला पुरेसं असतं. शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुका मेवा, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, तीळ, मासे आणि कोळंबी-खेकडे ही ॲलर्जीची नेहमीची कारणं. एवढी यादी नावानिशी विचारली की पुरतं.

२. किती जण, यावर सगळं ठरतं

रॉबिन डनबार या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर गप्पांच्या टोळक्यांचं निरीक्षण केलं होतं. त्यात दिसलं की एका संभाषणात साधारण चार जण टिकतात. पाचवा-सहावा आला की गप्पा आपोआप फुटतात. म्हणजे आठ जण जमलात तर दोन वेगळ्या मैफिली होणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. लांबलचक टेबल मात्र टाळा. त्याच्या टोकाला बसलेला माणूस घरी जातो तेव्हा त्याने दोघांशीच बोललेलं असतं. गोल किंवा चौकोनी टेबल मिळालं तर उत्तम, नाहीतर अर्ध्यात जागा बदला. गोडाची ऑर्डर दिली की उठायचं आणि दुसरीकडे बसायचं, असं आधीच सांगून ठेवलं तर कोणाला ओशाळं वाटत नाही.

३. बाहेर जाताना आधी कानाने निवडा

जागा निवडताना सगळे फोटो बघतात. मी आवाजाची चौकशी करतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एतिएन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये ही गोष्ट मांडली, म्हणून तिला ‘लोम्बार परिणाम’ म्हणतात. एका टेबलाने आवाज वाढवला की शेजारच्याला वाढवावा लागतो, मग तिसऱ्याला. तासाभरात सगळे ओरडत असतात आणि कोणालाच काही ऐकू येत नसतं.

काच, फरशी आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात. पडदे आणि गाद्यांच्या खुर्च्या तो थोडा गिळतात. फोनवर टेबल राखून ठेवताना “स्पीकरपासून आणि किचनच्या दारापासून लांबचं द्या” एवढं सांगा. ऐन गर्दीच्या तासभर आधी पोचलात तर आणखी बरं. बसायला निवांत मिळतं आणि ऑर्डरही लवकर येते.

४. थोडं मागवा, मग पुन्हा मागवा

वाटून खायचं असेल तर माणसं मोजून एक वजा करा आणि तेवढेच पदार्थ पहिल्या फेरीत सांगा. सहा जण असतील तर पाच. भुकेल्या पोटी ऑर्डर देताना डोळे नेहमी पोटापेक्षा मोठे असतात. पहिल्या फेरीत एखादी गोष्ट पटकन येणारी असू द्या, कारण भूक लागलेले मित्र चिडके असतात.

पिझ्झा मागवताना शाळेतली भूमिती आठवा. १८ इंचांचा एक पिझ्झा १२ इंचांच्या दोन पिझ्झांपेक्षा मोठा असतो. खोटं वाटेल, पण क्षेत्रफळ काढून बघा: एकाचं सुमारे २५४ चौरस इंच आणि दोघांचं मिळून सुमारे २२६. चव वेगवेगळी हवी असेल तर अर्धा-अर्धा करून देतात का, ते विचारा.

५. बिलाचं आधी बोला

हे सगळ्यांत अवघड, म्हणून जरा सविस्तर. उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांनी एका रेस्टॉरंटमध्ये केलेला प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिल समान वाटलं जाणार हे माहीत असलेल्या लोकांनी स्वतःपुरतं भरणाऱ्यांपेक्षा जास्त मागवलं. गंमत म्हणजे, कसं भरायचं हे निवडायला सांगितल्यावर बहुतेकांनी आपापलं भरणंच पसंत केलं. म्हणजे समान वाटणी मनातून फार जणांना नको असते, बोलत कोणी नाही.

ज्याचा हात आखडलेला आहे तो तर कधीच बोलणार नाही. म्हणून ठरवणाऱ्यानेच ऑर्डरच्या आधी सहज सांगून टाकावं: “खाणं सगळ्यांत वाटू, पेयं ज्याची त्याने.” नेहमीच्या कंपूला हा मधला मार्ग बहुधा मानवतो. पैसे एकाने भरावेत, बिलाचा फोटो ग्रुपवर टाकावा आणि हिशोब त्याच रात्री मिटवावा. आठवडा उलटला की मागणाऱ्यालाच चोरट्यासारखं वाटू लागतं.

६. घरी बोलावलंत तर स्वतः बसून खा

एकदा मी आठ जणांसाठी तीन नवे पदार्थ करायला घेतले. संध्याकाळभर गॅसपाशी उभा होतो. बाहेरून हसण्याचे आवाज येत होते आणि कशावर हसताहेत ते मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हापासून नियम एकच: पाहुण्यांच्या दिवशी नवा पदार्थ करायचा नाही.

मुख्य पदार्थ असा हवा की तो तासभर आधी होईल आणि मंद आचेवर वाट बघत राहील. बाकी सगळं जुळवून घेण्याचं: पाव, चिरलेल्या भाज्या, दोन-तीन चटण्या किंवा सॉस, किसलेलं चीज. ज्याने त्याने आपलं भरून घ्यावं. ज्याला जे चालत नाही ते तो घालत नाही, आणि तुमची सुटका होते. अंदाजासाठी, पोटभर खायचं असेल तर माणशी ८० ते १०० ग्रॅम कोरडा पास्ता किंवा सुमारे ७५ ग्रॅम कच्चे तांदूळ पुरतात.

“काय आणू?” या प्रश्नाला “काही नको” म्हणू नका. तसं म्हटलं की चार जण चार शीतपेयांच्या बाटल्या आणतात. एकाला बर्फ सांगा, एकाला फळं, एकाला गोड. “मदत करू का?” यालाही नेमकं काम द्या: “कांदा चीर.” हाताला काम मिळालं की नवखा माणूसही लवकर रुळतो.

पेयं ऐनवेळी गार करायची असतील तर बादलीत बर्फासोबत पाणी आणि मूठभर मीठ घाला. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते, पाणी मात्र बाटलीला चारी बाजूंनी भिडतं. काचेची बाटली फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि बाटली फुटते.

बाहेरून मागवलंत तर तळलेल्या पदार्थांचे डबे आल्याबरोबर उघडा. बंद डब्यातली वाफच कुरकुरीतपणा घालवते.

७. उरलेलं

गप्पा रंगतात आणि अन्न टेबलावर तसंच राहतं. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकच तास. भाताची विशेष काळजी घ्या. ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं एक विष नंतर गरम करूनही जात नाही. म्हणून उथळ डब्यांत पसरून लवकर निववा आणि फ्रिजमध्ये टाका.

पिझ्झा उरला तर सकाळी मायक्रोवेव्ह नको, तो चामट होतो. जाड तव्यावर मंद आचेवर ठेवा, कडेला पाण्याचे दोन-चार थेंब टाका आणि झाकण घाला. खालून कुरकुरीत होतो, वरचं चीज वितळतं.

भांडी रात्री नुसती भिजत घाला. आणि जो सगळ्यात शेवटी निघेल, त्याच्या हातात एक डबा द्या. तो परत करायला त्याला यावंच लागेल.