चार फ्लिप-फ्लॉपचं आकडी कुलूप

मायक्रोकंट्रोलरशिवाय (प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपशिवाय) चार आकडी कुलूप करायचं तर दोन सीडी४०१३ आणि एक सीडी४०८१ या आयसी घ्या. ४०१३ मध्ये दोन डी फ्लिप-फ्लॉप असतात. फ्लिप-फ्लॉप म्हणजे एक बिट लक्षात ठेवणारं सर्किट: क्लॉक पिनवर व्होल्टेज चढलं की डी या इनपुटवर जे असेल ते क्यू या आउटपुटवर येतं; सेट क्यूला चालू करतो, रीसेट बंद. पहिल्याचा डी (पिन ५) १२ व्होल्टला, त्याचा क्यू (१) दुसऱ्याच्या डीला (९), दुसऱ्याचा क्यू (१३) पुढच्या आयसीच्या पिन ५ ला, अशी साखळी करा. सेटच्या पिना (६, ८) ग्राउंडला जोडाच. मोकळ्या राहिल्या तर कुलूप आपोआप उघडू शकतं.

मॅट्रिक्स कीपॅड (ज्यात बटणं आडव्या-उभ्या सामाईक तारांवर असतात) चालत नाही. दहाही बटणांचं एक टोक १२ व्होल्टवर हवं. कोडमधली चार बटणं क्रमाने क्लॉकना (३, ११) जोडा, प्रत्येक क्लॉकपासून ग्राउंडला १० किलोओहम. उरलेली सहा एकत्र करून १एन४१४८ डायोडमधून रीसेटच्या तारेवर आणा (दोन्ही आयसींच्या पिना ४, १०). त्या तारेवरून ग्राउंडला १ मेगाओहम आणि १२ व्होल्टला १०० नॅनोफॅरड लावला की वीज आल्यावर कुलूप बंदच राहतं.

बटणाचा बाउन्स (एका दाबात संपर्क अनेकदा जुळणं-तुटणं) घालवायला क्लॉकवर कपॅसिटर लावू नका. प्रत्येक बटण आपलाच फ्लिप-फ्लॉप हलवतं, म्हणून बाउन्सने इथे काही बिघडत नाही. सावकाश चढणारा-उतरणारा क्लॉक मात्र ४०१३ ला मानवत नाही. एकच बटण दोन क्लॉकना जोडलं तर बाउन्समुळे एका दाबात दोन पायऱ्या पुढे जातील. म्हणून आकडे वेगवेगळेच घ्या: १०×९×८×७, म्हणजे ५०४० कोड.

बरेच जण इथेच थांबतात, आणि हीच मोठी चूक. चुकीच्या क्रमाने दाबलेलं बरोबर बटण अजून काहीच रीसेट करत नाही. चार आकडे कळलेल्या माणसाने ते कुठल्याही एका क्रमाने चार वेळा दाबले की दार उघडलं! म्हणून ४०८१ लागतो; त्यात चार अँड गेट असतात, दोन्ही इनपुट चालू असतील तरच गेटचं आउटपुट चालू होतं. दुसऱ्या बटणाची तार आणि पहिल्या फ्लिप-फ्लॉपचा क्यू-बार (क्यूच्या उलट आउटपुट, पिन २) एका अँड गेटला द्या, गेटचं आउटपुट डायोडमधून रीसेटला. तिसऱ्या-चौथ्या बटणांना त्यांच्या आधीचा क्यू-बार (१२, २) देऊन तेच करा. चौथ्या गेटचे इनपुट ग्राउंडला.

शेवटच्या क्यूमधून १ किलोओहम, मग १० मायक्रोफॅरड (धन टोक क्यूकडे), मग मॉसफेटचं (कुलपाचा सोलेनॉइड, म्हणजे खिटी ओढणारी कॉइल, चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरचं) गेट. या गेटपासून ग्राउंडला ४७० किलोओहम आणि कॅथोड गेटकडे असलेला १एन४१४८. सोलेनॉइड काही सेकंदच ओढला जातो, तापून जळत नाही. सोलेनॉइडवर १एन४००७ डायोड उलटा लावा, नाहीतर मॉसफेट जाईल. पुन्हा उघडताना आधी कोडबाहेरचं एक बटण दाबायचं, मग कोड.