कानशीच्या मुठीला बरोबर मध्यावर भोक पाडण्यासाठी घरगुती जिग

मूठ नसलेली कानस कधीही हातात धरू नये. कानशीच्या मागच्या टोकाला जो निमुळता भाग असतो, ज्याला कामगार टँग म्हणतात, तो कानस अडकताच सरळ तळव्यात घुसतो. लाकडी मूठ बसवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे, परंतु मुठीतले भोक मध्यापासून थोडे सरकले किंवा तिरपे गेले, तर कानस मुठीच्या रेषेत राहत नाही. मग सपाट घासण्याचा प्रयत्न कितीही केला तरी जॉबच्या, म्हणजे घासायच्या तुकड्याच्या, कडा गोल होतात, आणि दोष मुठीचा असूनही शिकणाऱ्याला तो आपल्या हाताचा वाटतो. ज्यांच्याकडे लेथ नाही, पण १३ मि.मी. चकचे (चक म्हणजे भोक पाडायचे बिट धरणारा जबडा) बेंच ड्रिल मशीन आहे, त्यांनी पुढील जिग, म्हणजे तुकडा दरवेळी एकाच जागी पक्का धरणारे साधन, एकदा करून ठेवावा. बाजारातून आणलेल्या २५ मि.मी. व्यासाच्या गोल लाकडी दांड्याचे ११० मि.मी. लांबीचे तुकडे त्यात एकामागून एक धरून प्रत्येकाला मध्यावर भोक पाडता येते.

काम सुरू करण्यापूर्वी मशीन तपासावे, कारण टेबल स्पिंडलला, म्हणजे चक फिरवणाऱ्या उभ्या आसाला, काटकोनात नसेल तर उत्तम जिगसुद्धा तिरपे भोक पाडील. प्लग काढून वीज बंद करावी, चकमध्ये एक जाड तार इंग्रजी झेड अक्षराप्रमाणे वाकवून धरावी आणि तिचे खालचे टोक टेबलाला जेमतेम टेकेल इतके टेबल वर घ्यावे. नंतर चक हाताने फिरवावा. टोक चारही बाजूंना सारखेच टेकले तर टेबल काटकोनात आहे. एका बाजूला घासून दुसऱ्या बाजूला फट राहिली, तर टेबलाखालचा बोल्ट सैल करून ते कलते करावे आणि पुन्हा पाहावे.

जिगचे मुख्य भाग दोनच आहेत: १८ मि.मी. जाडीच्या प्लायवूडची सुमारे २५० बाय १५० मि.मी. मापाची पाटी आणि तिच्यावर बसणारा, दांड्याला चिमटीत धरणारा ठोकळा. ठोकळ्यासाठी वाळलेले, गाठ नसलेले घट्ट लाकूड घ्यावे. बाभूळ मिळाल्यास चांगले. लांबी १०० मि.मी., रुंदी ७० मि.मी. आणि उंची ५० मि.मी. पुरेशी आहे. त्याचा खालचा पृष्ठभाग रंध्याने अगदी सपाट करावा, कारण पुढचा सगळा उभेपणा त्याच पृष्ठभागावर अवलंबून असतो. ठोकळ्यात २५ मि.मी.च्या फोर्स्टनर बिटने (लाकडात मोठे, स्वच्छ भोक पाडणाऱ्या बिटने) आरपार उभे भोक पाडावे. हे बिट मोठ्या व्यासाचे असल्याने वेग मिनिटाला पाचशे ते सातशे फेरे इतकाच ठेवावा, ठोकळा टेबलाला शिकंज्याने घट्ट आवळावा, खाली टाकाऊ फळीचा आधार द्यावा आणि भुसा निघून जावा म्हणून बिट वारंवार वर घ्यावे. स्पिंडलची चाल, म्हणजे ते खाली येण्याचे अंतर, कमी पडली, तर मोटर बंद करून बिट भोकातच ठेवावे आणि ठोकळ्याखाली दुसरी फळी सारून उरलेले भोक पूर्ण करावे.

यानंतर ठोकळ्याच्या एका टोकाजवळ, भोकाला आडवे, ६ मि.मी. बोल्टसाठी भोक पाडावे. पुढचा उभा काप घेण्याआधीच हे भोक पाडावे, कारण काप घेतल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंचे भाग, म्हणजे ओठ, हलू लागतात आणि आडवे भोक सरळ जात नाही. मग त्याच टोकापासून करवतीने उभा काप घेऊन तो मोठ्या भोकापर्यंत न्यावा आणि भोकाच्या पलीकडेही साधारण १० मि.मी. वाढवावा. पलीकडच्या या वाढीव कापामुळे लाकूड सहज लवते आणि बोल्टवरचा विंग नट (हाताने पिळायचा, पंख असलेला नट) थोडासा पिळला तरी दांडा पक्का धरला जातो. ठोकळा पाटीवर बसवताना स्क्रू खालून घालावेत, पण ते ठोकळ्याच्या एकाच ओठाला आणि त्या बाजूच्या मागच्या भागाला घालावेत. दोन्ही ओठ पाटीला जखडले, तर चिमटा मिटणारच नाही. अनेकांचे जिग याच जागी निकामी होतात.

आता या कामातली खरी अडचण पाहू. ४ मि.मी.चे सर्वसाधारण ट्विस्ट ड्रिल (पिळाचे बिट) ७५ मि.मी. लांब असते आणि ८ मि.मी.चे ११७ मि.मी. लहान बेंच मशीनच्या स्पिंडलची चाल बहुधा ५० मि.मी.च्या आसपास असते. त्यामुळे बिट बदलले की टेबल वर-खाली करावेच लागते, आणि गोल खांबावरचे टेबल सैल केले की ते बाजूला फिरते. एकदा जुळवलेला मध्य तिथेच हरवतो. डोळ्याने पुन्हा जुळवण्यात अर्थ नाही. यासाठी जवळच्या लेथवाल्याकडून माइल्ड स्टीलचा एक तुकडा करून घ्यावा: व्यास २५ मि.मी., लांबी दांड्याच्या तुकड्याइतकीच म्हणजे ११० मि.मी., आणि वरच्या तोंडाला मध्यावर ६ मि.मी.चे २० मि.मी. खोल भोक. बाहेरचा व्यास आणि आतले भोक एकाच पकडीत, तुकडा चकमधून न काढता करायला सांगावे, म्हणजे दोन्हींचा मध्य एकच राहतो. हा तुकडा जिगमध्ये धरून गुण्या (काटकोन तपासायचे साधन) दोन दिशांनी लावून पाहावा. तो पाटीला काटकोनात उभा नसेल, तर ठोकळ्याखाली कागदाची पट्टी घालून तो सरळ करावा.

मध्य जुळवण्याची रीत अशी. वापरायच्या बिटनुसार टेबलाची उंची ठरवून ते घट्ट करावे. जिग टेबलावर मोकळा ठेवावा आणि पोलादी तुकडा त्यात आवळावा. चकमध्ये ६ मि.मी.ची सरळ, गुळगुळीत सळई धरून, मशीन बंद ठेवूनच, ती हळूहळू तुकड्याच्या भोकात उतरवावी. जिग आपोआप सरकून स्पिंडलच्या बरोबर खाली येतो. सळई भोकात असतानाच पाटी दोन जी क्लॅम्पने टेबलाला आवळावी, आवळल्यानंतर सळई न अडखळता वर-खाली होते याची खात्री करावी, आणि मगच तुकडा काढून त्या जागी दांडा धरावा. पोलादी तुकडा आणि दांडा एकाच चिमट्यात, एकाच बाजूला दाबले जातात, त्यामुळे चिमटा मिटताना होणारी सरक दोघांना सारखीच लागू होते आणि तिचा परिणाम उरत नाही. दांड्याचा व्यास पोलादी तुकड्यापेक्षा थोडा कमी-जास्त असेल, तर साधारण त्या फरकाच्या निम्मी चूक राहते; मुठीच्या कामात ०.२ मि.मी. जाणवत नाही.

टँग निमुळता असल्यामुळे भोकही पायऱ्यांचे हवे. टँगची जाडी टोकाशी, मध्यावर आणि मुळाशी व्हर्निअर कॅलिपरने मोजावी. उदाहरणार्थ, ती ४, ६ आणि ८ मि.मी. भरली, तर ४ मि.मी.चे भोक पूर्ण खोलीपर्यंत, ६ मि.मी.चे दोन तृतीयांशापर्यंत आणि ८ मि.मी.चे एक तृतीयांशापर्यंत पाडावे. सुरुवात लहान बिटने करावी. दांड्याच्या तोंडावर शिरा उभ्या असतात आणि बारीक बिट त्या शिरांच्या मागे वाहवत जाते. म्हणून पहिला स्पर्श अत्यंत हलका असावा, धार ताजी असावी, आणि शक्य असल्यास मध्ये टोक असलेले लाकडाचे बिट वापरावे. मोठी बिटे नंतर पहिल्याच भोकाचा माग धरतात, त्यामुळे पहिले भोक सरळ गेले की पुढचे काम सोपे असते. एका मापाचे भोक सगळ्या तुकड्यांना पाडून झाल्यावरच बिट बदलावे, म्हणजे मध्य प्रत्येक मापासाठी एकदाच जुळवावा लागतो. तुकडा पुन्हा धरताना त्याची तीच बाजू कापाकडे यावी यासाठी प्रत्येकावर पेन्सिलची एक रेघ मारून ठेवावी.

हे करताना हातमोजे घालू नयेत, कारण फिरता चक मोजा पकडून बोटे आत ओढतो. डोळे झाकणारा सुरक्षा चष्मा मात्र अवश्य लावावा, आणि चकची किल्ली चकमध्ये राहिलेली नाही हे मोटर सुरू करण्याआधी प्रत्येक वेळी पाहावे.

मूठ फाटू नये म्हणून तोंडाला पाइपचे घट्ट कडे आधी बसवावे. टँग हाताने आत सारला असता सुमारे १० मि.मी. बाहेर राहिला पाहिजे. त्याहून जास्त राहिल्यास ८ मि.मी.चे भोक किंचित खोल करावे. शेवटी कानस वर आणि मूठ खाली धरून मुठीचा बुंधा बाकावर उभा आपटावा, म्हणजे टँग स्वतःच्या वजनाने आत बसत जातो. कानशीवर हातोडी मारू नये. ती कडक केलेल्या पोलादाची असते आणि तिचे तुकडे डोळ्यापर्यंत उडू शकतात.