बघायचाय रस्ताच, मग तयारी थांबायची करा

रस्ताच बघायला निघालोय तर पोचायची घाई नसते, हे बोलायला सगळे बोलतात, पण यादी करायला बसलो की आपण पोचायचीच यादी करतो, रूम बुक केली, टाकी फुल्ल केली, पहाटे पाचला निघू म्हणजे दुपारपर्यंत टच. मीही बरीच वर्षं हेच केलं. आता मी उलटं करतो, पाहिजे तिथे गाडी बाजूला घेऊन निवांत उभं राहता येईल का, एवढंच आधी बघतो आणि बाकीची यादी त्याच्या मागून येते.

म्हणून पहिलं काम किलोमीटर कापायचं. एरवी दिवसाला चारशे मारत असाल तर इथे दोनशेच धरा. कॅनडातला आइसफील्ड्स पार्कवे लेक लुईस ते जॅस्पर २३२ किलोमीटरचा आहे, नुसता चालवत सुटलात तर तीन-साडेतीन तासांत संपतो, आणि हिमनद्या, तळी, धबधबे करत गेलात तर अख्खा दिवस पुरत नाही. अमेरिकेतला ब्लू रिज पार्कवे साधारण ७५५ किलोमीटर आहे आणि तिथली वेगमर्यादाच जास्तीत जास्त ताशी ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे ज्याला उरकायचंय त्याने सरळ बाजूचा मोठा हायवे धरावा. मॅप जो वेळ दाखवतो तो दुप्पट करा आणि सोबत फोटोवाला माणूस असेल तर वर अजून एक तास टाका, उगाच गाडीत भांडणं नकोत.

मॅपवरून आठवलं, मॅपवर आंधळा विश्वास अजिबात ठेवू नका. त्याचं काम तुम्हाला लवकर पोचवायचं, त्याला काय माहीत तुम्ही कशासाठी निघालाय. नॉर्वेत ऑर्लंड आणि लार्डाल या गावांच्या मधे २००० साली साडेचोवीस किलोमीटरचा बोगदा झाला, जगातला सगळ्यात लांब रस्त्याचा बोगदा. मॅपमध्ये नुसतं गाव टाकलंत की तो तुम्हाला बोगद्यात घालणार, मग वीस मिनिटं दिवे आणि दगडी भिंत बघत बसा, आणि ज्याच्यासाठी एवढा खर्च केला तो डोंगरावरचा जुना रस्ता, दोन्ही बाजूंनी बर्फाच्या भिंती असलेला, तो राहिला वर डोक्यावर. रोहतांगचंही तेच, २०२० मध्ये ९ किलोमीटरचा अटल बोगदा झाला, सोय झालीच त्यात वाद नाही, पण खिंड बघायची असेल तर मुद्दाम वरच्या रस्त्याने जावं लागतं आणि त्याचा परवाना आधी काढावा लागतो. तर आदल्या रात्री बसून दर तीस-चाळीस किलोमीटरला एक पिन टाका, मॅप ऑफलाइन डाउनलोड करा, आणि गावांची नावं क्रमाने एका कागदावर लिहून डॅशबोर्डवर ठेवा. कागदाला रेंज लागत नाही.

कुठल्या बाजूने सुरुवात करायची हे फार कमी लोक बघतात आणि माझ्या मते निम्मी मजा त्यातच आहे. ऑस्ट्रेलियात गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे किनाऱ्याचा ग्रेट ओशन रोड टॉर्की गावाकडून पश्चिमेला केला की समुद्र आपल्याच बाजूला राहतो, मनात आलं की डावीकडे वळून थांबायचं, समोरून येणारी लाइन कापायची भानगड नाही. कॅलिफोर्नियात गाड्या उजवीकडून, म्हणून तिथला किनारा उत्तरेकडून दक्षिणेला करायचा. उलट्या दिशेने गेलात तर समुद्र दिसतो, पण दुसऱ्या लेनच्या पलीकडे. हाच हिशोब उन्हाचाही करा, संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून वळणं घेत जायचं म्हणजे काचेत नुसता पांढरा झगमगाट, रस्ता गायब.

रस्ता चालू आहे का हे दोनदा बघायचं, तिकिटं काढायच्या आधी एकदा आणि निघायच्या दिवशी सकाळी एकदा. इटलीतला स्टेल्व्हिओ पास २,७५७ मीटरवर आहे, रोमानियातला ट्रान्सफागरासान हा घाटरस्ता दोन हजार मीटरच्या वर जातो, हिवाळ्यात दोन्ही बंद. ऑस्ट्रियाचा ग्रोसग्लॉकनर घाटरस्ता तर उन्हाळ्यातही रात्री बंद असतो आणि टोल वेगळा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या बिग सर भागात बर्फ नाही पण दरडी येतात आणि रस्ता महिनोन्‌महिने बंद राहू शकतो. मोठी गाडी घेणार असाल तर लांबी मोजा, अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या गोइंग-टू-द-सन रोडवर मधल्या डोंगराळ टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला सोडतच नाहीत, मग तिथपर्यंत जाऊन तोंड पाडून परत फिरायचं.

आता गाडी. इथे जरा रेंगाळतो कारण आपल्याकडून नेमकं इथेच राहतं. इंजिनची काळजी सगळे करतात, माझ्या मते घाटाच्या रस्त्यावर आधी ब्रेक बघावेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, जुनं झालं आणि उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिलं की ते उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम स्पंजसारखं मऊ लागतं, पाय आत जातो पण गाडी थांबत नाही. दोन वर्षं झाली असतील तर बदलूनच निघा, पॅड किती उरलेत तेही बघा. आणि उतरताना जुन्या ड्रायव्हर लोकांचं ऐका, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. जळका वास यायला लागला की पुढच्या मोकळ्या जागेत थांबून अर्धा तास गार होऊ द्या, तसंही थांबायलाच आलोय.

टायरमधली हवा गाडी गार असताना बघायची आणि स्टेपनीतली आठवणीने. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला, नक्षी कितीही छान दिसू दे. बऱ्याच अलॉय व्हीलला चोरीपासून वाचवणारा एक वेगळा नट असतो, त्याची छोटी चावी गाडीत आहे का बघा. माझी घरच्या ड्रॉवरमध्ये होती. जॅक होता, पाना होता, स्टेपनीत हवा होती, आणि आम्ही त्या एका नटाकडे बघत पावणेदोन तास बसलो होतो. समोरचा डोंगर सुंदर होता हे मान्य, पण इतका वेळ बघायला नव्हता.

अजून एक बारीक काम, पुढची काच आतून पुसा. बाहेरून सगळे पुसतात, पण आतून एक चिकट थर बसलेला असतो, तो एरवी दिसत नाही आणि समोरून ऊन आलं की तोच दिसतो, बाकी काही नाही.

इंधन अर्ध्यावर आलं आणि पंप दिसला की भरायचं. ब्लू रिजवर एकही पंप नाही, बाहेर पडून भरावं लागतं, आइसफील्ड्सला मधे एकाच ठिकाणी मिळतं आणि तेही बारा महिने चालू नसतं, मोबाइलला रेंजही बहुतेक रस्त्यावर नाही. भाड्याची गाडी असेल तर विम्याचा कागद नीट वाचा, खडीचा रस्ता धरलाय का, काच धरलीये का. आइसलँडला वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागरी वाकते, तो खर्च बऱ्याचदा विम्यात बसत नाही, म्हणून दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं.

थांबायचं म्हणजे कुठेही नाही हां. वळणाच्या पलीकडे किंवा हेअरपिनसारख्या उलट्या वळणाच्या पोटात कधीच नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला रस्ते एकेरी रुंदीचे आहेत, मधे मधे समोरच्याला वाट द्यायला जागा सोडलेल्या असतात, तिथे फोटोसाठी गाडी लावली की मागचे शिव्या घालतात आणि ते बरोबरच असतं.

मागे बसणाऱ्यांपैकी कोणाला गाडी लागते हे आधीच विचारा, लाजून सांगत नाहीत लोक. त्यांना पुढे बसवा, मोबाइल काढून घ्या, गोळी घाट लागायच्या आधी द्या, घाटात नाही, आणि चालवणाऱ्याने ती गोळी घ्यायची नाही, झोप येते. उलटीच्या पिशव्या दाराच्या कप्प्यात, बॅगेच्या तळाशी नकोत.

शेवटचं चालवणाऱ्याचं. सगळ्यात भारी टप्प्यात त्याला फक्त पुढचं वळण दिसतं. दोघं चालवणारे असतील तर कोणता टप्पा कोणाचा हे निघायच्या आधीच ठरवा. एकच असेल तर प्रत्येक थांब्यावर बाकीच्यांनी सेल्फी काढायच्या आधी त्याला खाली उतरवा, चावी त्याच्याकडून घ्या, आणि पंधरा मिनिटं त्याला कोणी "निघायचं का?" विचारू नका.