निबंध स्पर्धा भरवताना मुलांची माहिती कशी जपावी

२७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांची जयंती आणि मराठी भाषा गौरव दिन. या सुमारास नाशकात वाचनालयं, शाळा, कॉलनीतली मंडळं निबंध स्पर्धा भरवतात. विषय, परीक्षक, बक्षिसं यांवर बैठका होतात. मुलांची नावं आणि आईवडिलांचे नंबर पुढे कुणाकडे राहणार, हे मात्र क्वचितच ठरवलं जातं.

सुरुवात फॉर्मपासून करा. नाव, इयत्ता, पालकांचा नंबर, बस. वयोगटासाठी इयत्ता पुरते. जन्मतारीख नको, आधारची प्रत तर मुळीच नको. बक्षीस टपालानं जाणार असेल तर पत्ता निकालानंतर फक्त विजेत्यांकडून घ्या.

माहिती कशासाठी हवी, कोण पाहणार, कधी पुसणार, हे फॉर्मच्या वरच मराठीत लिहा आणि पालकांची संमती घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्या सगळ्या लागू होईपर्यंत थांबू नये, असं मला मनापासून वाटतं. निबंध छापायची आणि फोटो वापरायची परवानगी वेगवेगळी विचारा.

गूगल फॉर्म असेल तर उत्तरांचा सारांश सगळ्यांना दाखवण्याचा पर्याय बंद ठेवा. उत्तरांची शीट दोघांनाच उघडता यावी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, तिच्यात एकच निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो. मात्र तिचा निरोप तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो, तेव्हा पालकांना आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात नाजूक असतो तो निबंधच. ‘माझे बाबा’ असा विषय दिला की मूल काहीही हातचं न राखता लिहितं: सातपूरच्या कंपनीतली नोकरी सुटली, घरात रोज भांडणं होतात, आजीच्या औषधाला पैसे नाहीत. म्हणून नावाचं पान काढून घ्या, निबंधावर क्रमांक टाका आणि कुठला क्रमांक कुणाचा ही यादी परीक्षक नसलेल्या एकाच माणसाकडे ठेवा. निकालही त्यामुळे निःपक्ष लागतो. ‘बघा, किती छान लिहिलंय’ म्हणून पानाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. कौतुक असलं तरी त्या घरातली गोष्ट चारचौघांत जाते. मुलाला मारहाण किंवा त्याचा छळ होत असल्याचं लिहिलेलं आढळलं, तर मात्र गप्प बसू नका. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनच्या क्रमांकावर कळवा.

छापायचा निबंध मुलाला आणि पालकांना आधी दाखवा. त्यांनी सांगितलेली वाक्यं विनातक्रार काढा. निकालात विजेत्यांची नावं आणि इयत्ता पुरे.

बक्षीस समारंभानंतर महिन्याभरात शीट पुसा, ड्राइव्हचा ट्रॅश रिकामा करा, कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये डाउनलोड झालेल्या प्रती काढायला लावा. निबंध मुलांना परत द्या. कुणी न नेलेले कागद बारीक फाडूनच रद्दीत घाला.