नागपुरात मोठा फ्लॅट घेताय? या चुका टाळा

आमच्या नात्यात कोणी फ्लॅट बघायला निघालं की मला सोबत नेतात. माणसं बदलतात, चुका त्याच. लेकरू झालं, सासू-सासरे गावाहून राहायला यायचेत, दोन खोल्या पुरत नाहीत, म्हणून घर शोधायचं. आणि निवडताना नेमकं त्या लेकराला आणि म्हाताऱ्या माणसांनाच विसरायचं. याचा मला खरंच त्रास होतो.

हिवाळ्यात बघून टोकन (बुकिंगची आगाऊ रक्कम) देणं

डिसेंबरात सकाळी अकरा वाजता नागपुरातलं कुठलंही घर छानच वाटतं. आम्हीही तसंच घेतलं. मनीषनगरच्या पुढे, चौथा म्हणजे शेवटचा मजला, मोठ्या बेडरूमला पश्चिमेची खिडकी. समोर मोकळं आभाळ बघून मीच म्हटलं होतं, "घ्या हेच." फेब्रुवारीत राहायला गेलो तेव्हा धाकटी तीन महिन्यांची होती.

मे लागला. पारा ४५ च्या वर. एका रात्री साडेनऊला पोरगी रडायची थांबेना म्हणून तिला घेऊन भिंतीला टेकले, तर पाठीला भिंत नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखी गरम लागली. तिच्या मानेवर घामोळ्या उठल्या होत्या. कूलर लावायचा तर पश्चिमेच्या खिडकीबाहेर ना गॅलरी ना छज्जा, आणि दुसरी खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या मधल्या बंदिस्त पोकळीत उघडणारी. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. डक्टमधली कोंदट हवा ओढून खोलीत नुसता दमटपणा होतो. शेवटी हॉलच्या गॅलरीत कूलर ठेवला आणि दोन महिने आम्ही सहाही जण हॉलमध्ये झोपलो, सासूबाईंसकट. त्यांना रात्री तीनदा उठावं लागायचं, तेही पोरांच्या अंगावरून वाट काढत. त्यातच बोअर आटली. एक दिवसाआड टँकर यायचा, आणि कूलरच्या टाकीत किती बादल्या ओतायच्या याचा हिशेब करावा लागायचा.

तेव्हापासून मी मे महिन्यात, दुपारी चार वाजता घर बघते. ते जमत नसेल तर आधी पश्चिमेची भिंत कोणत्या खोलीची आहे ते फोनच्या होकायंत्रावर बघून घेते. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो, उन्हाळ्यात वायव्येकडे सरकतो. म्हणून डिसेंबरात ज्या खिडकीत ऊन नाही, तिच्यात मेमध्ये संध्याकाळभर असू शकतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर सूर्य नागपूरच्या अगदी डोक्यावर येतो, दुपारी आपली सावली पायाखाली असते. ते सगळं ऊन शेवटच्या मजल्याचा स्लॅब झेलतो. "एसी लावून घेऊ" हे उत्तर मला पटत नाही. चार खोल्यांत रात्रभर एसी चालवायचं बिल तुम्हीच भरणार आहात. प्रत्येक झोपायच्या खोलीला कूलरची जागा आणि हवा बाहेर जायला समोर दुसरी वाट, एवढं तरी हवंच.

पाण्याचं सेल्समनला विचारू नका. चौकीदाराला विचारा, एप्रिल-मेमध्ये आठवड्याला किती टँकर येतात. आमच्या वेळी हा एक प्रश्न विचारला असता तर पुरे होतं.

खोल्या मोजणं, माणसं न मोजणं

"थ्री बीएचके आहे" म्हणून नाचू नका. माझ्या भाच्याने घेतलेल्या घरात तिसरी खोली नऊ बाय नऊ आहे. सहा बाय साडेसहाचा पलंग टाकला की दोन फूट खोल कपाट उघडत नाही. मी टेप घेऊन जाते, पलंग आणि कपाटाच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद जमिनीवर अंथरते, मग दार उघडून बघते. दलालाला घाई असते, असू दे.

कार्पेट एरियाच, म्हणजे घराच्या आतलं क्षेत्रफळच विचारा. रेरा या घरखरेदीच्या कायद्यात बाहेरच्या भिंती आणि गॅलरी त्यात धरत नाहीत, आतल्या भिंती मात्र धरतात. म्हणजे तो आकडाही सगळा वापरायचा नसतो.

म्हाताऱ्या माणसांची खोली संडास-बाथरूमला लागून हवी, आणि बाथरूमच्या उंबऱ्याला पायरी नको.

बाकीच्या, थोडक्यात

पार्किंग आणि तळमजला पावसाळ्यात बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या वस्त्यांत घरात पाणी शिरलं. नाला किती लांब आहे, ते स्वतः चालून बघा.

शाळा किती किलोमीटर ते नको, सकाळी सातला किती मिनिटं ते बघा. एक दिवस खरंच त्या वेळेला गाडी काढा.

बाहेरच्या लेआउटमध्ये घेत असाल तर नियमितीकरणाचं पत्र (लेआउट अधिकृत झाल्याचं) आणि इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी मिळाल्याचं) वकिलाला दाखवा. "होऊन जाईल" यावर सही करू नका.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. चौकशी करा, रक्कम छोटी नसते.

आणि पहिल्याच भेटीत टोकन देऊ नका. "आणखी दोन पार्टी थांबल्यात" असं प्रत्येकाला सांगतात. मी आता घरी येऊन सासूबाईंना नकाशा दाखवते. रात्री उठल्यावर त्या कुठून कुठे जातील, ते त्या स्वतः बोट फिरवून सांगतात.